सरांच्या हॉलमधलं खारं पाणी

पाणी नुसतं पिऊन गप्प बसू न शकणारा माणूस सबंध सुरतेत एकच आहे, आणि तो नेमका मला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला होता. नवागामच्या आमच्या खोलीवर सर पहिल्यांदा आले तेव्हा आईने पाणी दिलं. सरांनी ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला आणि डोळे बारीक करून बघत बसले. आई घाबरली. "काय व्हयनं सर? केस शे का पानीमा?"

"नाही ताई, गढूळपणा बघतोय."

आईने ग्लास विसळून पुन्हा भरला. सरांनी तो पुन्हा उजेडात धरला. वडील कापडाच्या लूमवरून दमून आलेले. शेवटी तेच म्हणाले, "सर, चहाच ल्या. तो ते गढूळच ऱ्हास."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी सरांमुळे झालो, त्यामुळे त्यांच्यावर चिडायची मला चोरी. चिडायची कारणं मात्र ते भरपूर पुरवतात. डुमसच्या समुद्रावर लोक गरम भजी खायला जातात. सर भज्यांचा कागद माझ्या हातात देऊन पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडतात आणि लाटेत थर्मामीटर बुडवतात. भजी पार गार झाल्यावर परत येतात नि विचारतात, "पाणी तापलं की त्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचं काय होतं?" कमी होतो म्हटलं तर भजं मिळतं, वाढतो म्हटलं तर मिळत नाही. चुकीचं उत्तर त्यांना सोसतच नाही. रिक्षावाला असो, डॉक्टर असो, नाहीतर साक्षात सासरे, दुरुस्ती जागच्या जागी होते.

पर्वत पाटियाच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये काचेच्या दोन टाक्या आहेत. एकीत गोडं पाणी. दुसरीत तापीच्या मुखाजवळचं खारं पाणी, निम्मा चिखल, आणि त्या चिखलावर डोळे वटारून बसलेले लेवटे, म्हणजे पाण्याबाहेरही जगणारे मासे. लोक हॉलमध्ये शोभेचे मासे ठेवतात, सरांनी शोभेला चिखल ठेवलाय! त्यापायी काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, झोपाळा गॅलरीत गेला. काकू कायम म्हणायच्या, "या घरात एक तर तो दरियो राहील, नाहीतर मी."

यावर सर म्हणायचे, "दर्या नाही, खाडी. खाडीत क्षार कमी असतात."

यंदा मे महिन्यात सरांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्याबरोबर त्यांनी विचारलं, "लेवटे कसे आहेत?"

"मी बरी आहे," काकू म्हणाल्या.

घरी सोडलं त्या दिवशी सर माझ्या खांद्यावर हात टेकत, चपलाही न काढता खाऱ्या टाकीपाशी गेले. उन्हाळ्यात रोज खाली जाणारं पाणी काठोकाठ होतं. त्यांनी खारेपणा मोजायची काचेची नळी आत सोडली. ती नको तितकी वर तरंगली, म्हणजे पाणी फार खारं झालं होतं.

"पाणी कोणी भरलं?"

"मी," काकू म्हणाल्या. "टाकी आटलेली बघून तुमचा जीव खालीवर झाला असता. रिक्षा करून डुमसहून कॅन भरून आणले. नळाचा एक थेंब घातला नाही, हो!"

मी डोळेच मिटले. आटतं ते पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून वरून गोडंच पाणी घालायचं. वर्गात हे चुकल्यावर सरांनी मला तासभर उभं केलं होतं. छातीवरचे टाके अजून इतके ताजे असताना हा माणूस ओरडला तर काय होईल, म्हणून मी त्यांना आधीच धरून ठेवलं.

सर नळीकडे बघत होते. मग गॅलरीत वाळत टाकलेल्या काकूंच्या चपलांकडे बघू लागले. डुमसची काळी वाळू त्यांना अजून चिकटलेली होती.

"बरोबर केलंस," सर म्हणाले.

काकू चहा टाकायला आत गेल्यावर त्यांनी मला खुणेने बोलावलं. "मगभर गोडं पाणी आण. हळूहळू ओत. तिला आवाज जाता कामा नये."

तेव्हापासून काकू संध्याकाळी देवळात गेल्या की मी उधन्याहून ऑफिस सुटल्यावर तिथे जातो आणि थोडं थोडं पाणी ओततो. लेवटे ठणठणीत आहेत. काकू विचारतात, "मानवलं ना माझं पाणी?" सर मान डोलावतात.

काल मी मुद्दामच चुकीचं म्हणालो, "सर, समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून हलकं असतं ना?" सर नुसते हसले आणि म्हणाले, "असेल." मला ते अजिबात आवडलं नाही.