कोट चढवलेला खेळाडू

माझे धाकटे दीर हिलालभाऊ उंचीने सहा फूट चार इंच. धुळ्याच्या आमच्या गल्लीत उंची हा गुण नव्हे, सोय मानतात. ते घरी असले की कुणाचं तोरण बांधायचं राहिलेलं असतं, कुणाच्या माळ्यावर पातेलं अडकलेलं असतं. याच उंचीच्या जोरावर सत्त्याऐंशी साली मस्कतच्या एका क्लबाने त्यांना पगार देऊन बास्केटबॉल खेळायला नेलं. हे मात्र गल्लीला काही पटलं नाही.

पहिल्या सुट्टीला आले तेव्हा सासूबाईंनी ताट वाढता वाढता विचारलं, "खेयाना पैसा देतस?"

"हो, माय."

"मंग काम कधय करस तू?"

हिलालभाऊंनी समजावलं. पहाटे धावायचं, संध्याकाळी सराव, शुक्रवारी सामना. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेजारच्या भागाबाईंना सांगितलं, पोराला तिकडे सुट्ट्या फार आहेत.

सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. तहसील कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांच्या हिशेबी नोकरी म्हणजे खुर्ची. खुर्चीवर न बसता नुसत्या उड्या मारून पगार मिळतो, हे चारचौघांत सांगायचं कसं? म्हणून ते सांगत, "मस्कतमा साहेब शे तो." कोणतं खातं, असं कुणी विचारलंच तर म्हणत, "मोठं."

हिलालभाऊंनी एक फोटो पाठवला होता. अंगात बिनबाह्यांचा बनियन, दोन्ही हात वर, हातात चेंडू. आबांना तो बैठकीत लावायचा होता, पण उघडे दंड दाखवायचे नव्हते. आग्रा रोडच्या एका फोटोवाल्याने रंगाने त्यावर काळा कोट चढवला, टाय बांधला. चेंडूचं काय करावं, त्याला सुचेना. शेवटी त्याने त्याच्यावर निळे समुद्र आणि हिरवे देश काढले. तेव्हापासून आमच्या भिंतीवर कोटातले हिलालभाऊ पृथ्वी डोक्यावर धरून उभे होते. आले-गेले नमस्कार करत.

त्र्याण्णव उजाडलं आणि त्यांचा गुडघा गेला. जूनपर्यंतचा करार होता, पुढे उडी मारायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं. इथल्या एका शाळेने खेळ शिकवायला घेतो म्हणून कबूलही केलं. वय बत्तीस झालेलं आणि लग्न काही जमेना. मुली येत, शेजारी उभ्या राहत आणि त्यांच्या कोपराशी संपत. मी एकवीरेला सात मंगळवार बोलले होते. पाचवा झाला आणि पाचोऱ्याहून निरोप आला. मुलगी कोकिळा, शाळेत शिक्षिका, उंची पाच फूट नऊ. तिलाही नऊ जणांनी याच कारणावरून नाही म्हटलेलं. उरलेले दोन मंगळवारही मी केले. देवीशी घासाघीस करू नये.

मुलीकडचे घर पाहायला येणार, त्या सकाळी आबांनी रजेवर आलेल्या हिलालभाऊंना समोर बसवलं.

"गुडघ्याचं बोलू नको. शाळेचंही नको. खेळाचं तर नावच काढू नको."

"मग बोलू काय, आबा?"

"मस्कतचं ऊन सांग."

मुलीचे वडील शालिग्रामनाना आले. सोबत कोकिळाही आली, तेवढं त्या घरचं बरं वळण. नाना फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले.

"चिरंजीव भूगोल शिकवतात का?"

"भूगोल बी शिकाडस," आबा म्हणाले.

माझ्या हातात पोह्यांचा ट्रे होता. मी मनात देवीचं नाव घेतलं, पण कशासाठी घेतलं, खरं निघावं म्हणून की झाकलं राहावं म्हणून, हे आजही नक्की सांगता येणार नाही.

"नाना," हिलालभाऊ म्हणाले, "कोट फोटोवाल्याचा आहे. आत बनियन आहे. गोल म्हणजे चेंडू. मी पगारावर बास्केटबॉल खेळतो, तेही जूनपर्यंत. गुडघा गेला. पुढे इथेच शाळेत शिकवीन."

आबांनी डोळे मिटले. आता नाना उठणार, असं मला वाटलं. उठले नाहीत. खोट्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांचं दुःख निराळंच होतं.

"म्हणजे मस्कत संपलं? अहो, मी अख्ख्या पाचोऱ्यात सांगून बसलोय!"

आबांनी डोळे उघडले. एकाच दुखण्याचे दोन रोगी भेटावेत तसे दोघे जवळ सरकले. पोहे संपेपर्यंत तोडगा निघाला. करार जूनपर्यंत आहे ना, मग लग्न मे महिन्यात उरकायचं. पत्रिकेत मुलाच्या नावापुढे 'मस्कत' छापायचं. छापल्या दिवशी खरं असलं म्हणजे झालं.

"छापा," कोकिळा पहिल्यांदाच बोलली. "पण खाली 'बास्केटबॉल खेळाडू' असंही छापा. नाहीतर मी बोहल्यावर उभी राहणार नाही."

"बेटा, लोक हसतील," नाना म्हणाले.

"आम्हा दोघांना शेजारी पाहून हसणारच आहेत, नाना. निदान माणूस काय करतो ते तरी त्यांना कळू द्या."

हिलालभाऊ इतके लाजले की खुर्चीत बसल्या बसल्या चार इंच कमी झाले.

पत्रिका छापायला आबा स्वतः प्रेसवर गेले. 'मस्कत' बोटभर अक्षरांत आलं. 'बास्केटबॉल खेळाडू' इतक्या बारीक टाइपात, की मला आधी ती कागदावरची घाण वाटली.

पहिली पत्रिका एकवीरेपुढे ठेवायला आम्ही सगळे पांझरा नदीकाठच्या देवळात गेलो. आमच्यात पत्रिका देवीला मोठ्याने वाचून दाखवतात, मगच वाटतात. आबांनी खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. 'चिरंजीव हिलाल, मस्कत' इथवर आले, आणि सरळ मुलीच्या नावावर उतरले.

सासूबाईंना अक्षर वाचता येत नाही. पण त्या ओळीवर बोट ठेवून हिलालभाऊंनी त्यांना घरी दहादा ऐकवलं होतं. त्यांनी आबांच्या हातातल्या पत्रिकेवर नेमकं तिथेच बोट टेकवलं.

"देवीपासून काय लपाडतस? खालनं बी वाचा ना."

मागे रांग थांबली होती. पुजारी बघत होता. आबांनी चष्मा पुसला, पत्रिका डोळ्यांजवळ नेली आणि हळूच वाचलं.

"मोठ्यानी," सासूबाई म्हणाल्या.

आबांनी मोठ्याने वाचलं.