कानातला भाडेकरू आणि भावोजींची विजार

गल्लीतले शिंपी मास्तर बापाचंही ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. पण तीन वर्षांपूर्वी त्यांच्या कानात एक भाडेकरू येऊन राहिला. दिसायला कुणी नाही, तोंड मात्र अखंड चालू. "बाही चुकली. गिऱ्हाईक हसतंय. फेक ती कात्री!" मास्तरांनी एकदा खरंच फेकली. भिंतीला लागली, म्हणून निभावलं. त्या दिवशी थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, कात्री कपाटात टाकून कुलूप घातलं. मास्तरांच्या वाट्याला उरली काजं-बटणं आणि इस्त्री. वाघाला गवत घातलं म्हणायचं!

डॉक्टरीणबाईंनी स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या सुरू केल्या. पहिल्या पंधरवड्यात झोप वाढली, भूक वाढली, पोट वाढलं. भाडेकरू तसूभर हलला नाही. मग मात्र तो सरकू लागला. कानातून शेजारच्या खोलीत गेला, काही महिन्यांनी जिन्यावर. पूर्वी हुकूम सोडायचा, आता नुसता कुरकुरायचा. वर्षभराने तर आठवडेच्या आठवडे गप्प. मास्तरांची झोप बिघडली की तेवढा कण्हायचा.

तरी शंका आली की मास्तर विचारत, "ताई, तू बोललीस?"

"नाही रे."

हे "नाही रे" ताईने हजारदा म्हटलं असेल, तोंडात घास असतानासुद्धा. मास्तरांना ते गोळीइतकंच लागू पडे. पुढे पुढे त्यांना इतका धीर आला, की ते विचारायचंच विसरू लागले.

एका दुपारी भावोजींच्या विजारीवर इस्त्री तशीच ठेवून मास्तर बटणं निवडत बसले. मागून आवाज आला, "अरे, जळतंय!"

"बोल बाबा, बोल," मास्तर शांतपणे म्हणाले.

"विजार जळतेय, गाढवा!"

"शिव्याही दे. मी नाही ऐकणार."

ताईने धावत येऊन इस्त्री उचलली. विजारीच्या बुडाला खिडकी पडली होती.

मास्तर पांढरेफटक. "तू होतीस?" संपलं, आता कात्री जन्मात मिळत नाही!

भावोजींनी विजारीतून आरपार पाहिलं. "चला, उन्हाळ्याची सोय झाली."

ताई खाली बसून हसली. हसता हसता रडली. "माझ्या बोंबलण्याला ज्याने भीक घातली नाही, तो त्या मेल्याच्या कुरकुरीला काय घालणार?"

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईही पोट धरून हसल्या. "कात्री द्या. गोळ्या मात्र चालू ठेवायच्या. आणि मास्तर, विचारत जा. कधी कधी खरी माणसंही बोलतात."

घरी येऊन ताईने कुलूप काढलं. पहिलं काम ठरलेलंच होतं, भावोजींच्या विजारीला ठिगळ. मास्तरांनी खडूने रेघ मारली, कात्री उचलली, तोच जिन्यावरून पुटपुट आली, "वाकडं कापशील."

"ताई, तू बोललीस?"

"नाही रे."

"तू आहेस म्हणून बरं आहे गं," मास्तर म्हणाले, आणि रेघेवरून सरळ कापत गेले.