रडूबाईचं स्टिकर

तुमचं लेकरू ओक्साबोक्शी रडत असतं तेव्हा तुमचा हात आधी कुठे जातो हो, त्याच्या पाठीवर की खिशातल्या फोनवर? उत्तर मला देऊ नका. तुमचं तुम्हाला ठाऊक आहे.

शाळेची व्हॅन चालवणारी एक मावशी आहे. नवरा गेला तेव्हा त्याचीच गाडी तिने हातात घेतली. लोक म्हणाले, बाईच्या हाती पोरं द्यायची? आज तेच लोक तिच्या हॉर्नवर घड्याळ लावतात. जिभेला तिखट, ब्रेकला हलकी. पोरं मागे नुसता बाजार मांडायची, आणि त्या बाजारातला कुठला आवाज आज गळालाय हे मावशीला मान न वळवता कळायचं. उतरवताना ती आईला सांगायची, "आज याचं काहीतरी बिनसलंय, बघा जरा."

मग पालकांचीच कुरकुर सुरू झाली. पोरं डोकं उठवत घरी येतात, काहीतरी करा. मावशीने सीटच्या पाठीला एक छोटा टीव्ही बांधला. कार्टून लागलं की गाडी चिडीचूप. आईबाप खूश. मावशीही खूश, खोटं कशाला बोलावं.

एका दुपारी टीव्हीची वायर निसटली. कार्टून थांबलं आणि मागून मुसमुसणं ऐकू आलं. गाडीतली सगळ्यात लहान पोर. इवलीशी, म्हणून मावशी तिला बटण म्हणायची. शर्टाची कॉलर तोंडात, चावून चावून पार चिंध्या झालेली.

मावशीने गाडी कडेला घेतली. "काय गं बटण, कुणी मारलं का?"

पोरीने कॉलर आणखी आत ओढली. शेजारचा दात पडलेला पोरगा म्हणाला, "मावशी, ती रोजच रडते. ती स्टिकर आहे ना."

"माणूस कधी स्टिकर असतं का रे?"

"असतं. रडूबाईचं. माझ्या आईकडे पण आहे. तू पण पाठवलंस की, काल गाडी अडकली तेव्हा."

मावशीने फोन काढला. पालकांच्या ग्रुपवर कालचं ते चित्र होतं: वाकडं तोंड, वाहतं नाक, खाली लिहिलेलं, 'आता मी काय करू'. सगळे पाठवायचे, म्हणून तीही पाठवायची. चेहरा कुणाचा, हे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. कुणीतरी सणसणीत कानाखाली ओढावी तशी ती बसून राहिली.

"कुणी काढला गं हा फोटो?"

"आईनं," बटण म्हणाली. "माझा मासा मेला तेव्हा."

बटणच्या घरी गाडी पोचली तेव्हा आई फाटकातच उभी होती, फोन हातात. मावशीने विचारलं तशी हसली. "अहो, गंमत होती. इतकी गोड दिसत होती. सगळ्यांना केवढं आवडलं."

"तुम्ही रडता तेव्हा दार लावून घेता ना?"

"म्हणजे काय?"

"मग हिच्यासाठी दार कुणी लावायचं?"

आईचं हसू आटलं. "तुम्ही गाडी चालवा. आमची मुलगी कशी वाढवायची ते आम्ही बघू."

"बघाच. फोन खाली ठेवून बघा."

मग मावशी तिथेच, फाटकापाशी, पोरीपुढे आपला फोन धरून उकिडवी बसली. "बटण, मीपण पाठवलंय. चुकले मी. घे, तूच पुस." पोरीने बोट दाबलं. दाबून आईच्या फोनकडे पाहिलं. आईने फोन पर्समध्ये टाकला.

त्याच संध्याकाळी आईने ग्रुपवर लिहिलं, व्हॅनवाली फार उद्धट झालीय, दुसरी बघायला हवी. त्याखाली कुणीतरी लगेच उत्तर दिलं. शब्द नव्हते. तेच स्टिकर होतं.

 मग आईचं आलं: "कृपया हा फोटो सगळ्यांनी काढून टाका. ती माझी मुलगी आहे." दोघांनी होकाराचा अंगठा पाठवला. बाकीचे दुसऱ्याच विषयावर गेले.

सकाळी बटण फाटकापाशी तयार होती. आईने मावशीकडे पाहिलं नाही, पण पोरीला पुढच्या, मावशीजवळच्या सीटवर स्वतः बसवलं. टीव्ही जागेवर नव्हता. मागे पुन्हा बाजार भरला होता. कॉलर मात्र अजून तोंडातच होती.

कारण स्टिकर अजून फिरतंय. दुसऱ्या शाळांत गेलंय, ऑफिसांत गेलंय. उद्या तुमच्याकडे येईल. हसू नका, पुढे ढकलू नका. पुसून टाका, आणि पाठवणाऱ्याला एवढंच कळवा की त्या पोरीचा मासा मेला होता.