उंबऱ्याबाहेरची जागा

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत जामखेडच्या पलीकडे एका वाडीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. मी तेव्हा नगरला इस्पितळात नर्सचं काम शिकत होते. स्वयंसेवक हवेत म्हटल्यावर मीच हात वर केला. हौस दांडगी, अक्कल बेताची. बैलगाडी वाडीत शिरली तेव्हा निम्मी घरं ओस होती. माणसं रानात पालं ठोकून राहिली होती. तेव्हा मनात जी भीती बसली ती गेलीच नाही. घशाला जरा कोरड पडली तरी वाटे, लागली आपल्याला पटकी.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्याबरोबर आलेले डॉक्टर पुढच्या वस्तीवर गेले आणि एक घर माझ्यावर सोपवून गेले. तिथली सून, माझ्याच वयाची, सकाळपासून जुलाब-उलट्यांनी पार गळून गेली होती. सलाईन संपलं होतं. "उकळलेल्या पाण्यात मीठ-गूळ घालून घोट घोट पाजत राहा. थांबलीस तर ती जाईल," डॉक्टर म्हणाले.

सासू दारात आडवी उभी राहिली. "बाई, तुमी भाईरच थांबा. तुमी किरिस्ताव. तुमच्या हातचं पानी आमच्यात चालत न्हाई. आन् जुलाबाच्या माणसाला पानी पाजत्यात व्हय?"

मला संताप आला. आजोबांपासून आमच्या घराण्यानं हेच ऐकलेलं. पण खरं सांगते, त्या संतापाखाली मला सुटल्यासारखंही वाटलं. पटकी आत होती आणि मला बाहेर बसायला सांगितलं होतं. मी उंबऱ्याबाहेर बसकण मारली. म्हणाले, "आजी, मी शिवत नाही. तुमच्या चुलीवर, तुमच्या भांड्यात, तुमच्या हातानं करा. मी नुसतं सांगते. पण पाणी दिलं नाही तर सून हाती लागणार नाही."

सुनेचे डोळे खोल गेले होते. ते बघून म्हातारी नरमली. तिनं पाणी केलं, पळीनं पाजू लागली. पण हात असा कापत होता की निम्मं पाणी सुनेच्या गळ्यावर सांडे. शेवटी पळी खाली पडली आणि म्हातारी भिंतीला टेकली.

"माझ्या हातात जीव ऱ्हायला न्हाई. या आत, बाई. तुमीच पाजा."

आता सबब उरली नाही. आतून वास येत होता. मी उठले, पण पाय उंबऱ्यापुढे जाईना. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली.

"तुमालाबी भ्या वाटतंय व्हय?"

"हो आजी. फार वाटतंय."

"मग मी डोस्कं धरते. तुमी पाजा."

मी आत गेले. सुनेचे हात गार, बोटांची कातडी सुरकुतलेली. म्हातारीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी पळी पळीनं पाजत राहिले. उलटी झाली की पुन्हा पहिल्यापासून. दिवस कलता कलता सुनेला लघवी झाली. सून वाचण्याची ती पहिली खूण. मी आणि म्हातारी दोघी रडलो.

डॉक्टर आल्यावर मी निघाले. वळून पाहिलं तर म्हातारी मी बसले होते ती जागा शेणानं सारवत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरातरा आमच्या राहुटीवर आले, लुगडं उकळत्या पाण्यात टाकलं आणि फिनेलनं हात धुतले. पुन्हा पुन्हा धुतले. चौथ्यांदा धुताना म्हातारीचा शेणानं भरलेला हात आठवला; तीही माझ्यासारखीच भीतीपोटी पुसून काढत होती. तिडीक उतरली. मग मी पाचव्यांदाही हात धुतले.