दादाचं प्रभुभोजन

दादा गेला तेव्हा मी दोन दिवसांसाठी कळमेश्वरला लेकीकडे होते. जावई तिथल्याच एका कारखान्यात कामाला. भर दुपारी तो डबा न उघडता घरी आला, चपलाही न काढता दारात उभा राहिला, आणि मला कळलं. नागपूरहून शेजाऱ्यांनी कारखान्यात फोन केला होता. मे महिन्याच्या उन्हात एस.टी.च्या तापलेल्या खिडकीशी बसून मी घरी पोचले, तर आमच्या चर्चचे पाळकसाहेब माझ्याआधीच आले होते आणि दफनाच्या वेळी कोणतं गायन म्हणायचं ते विचारत होते. संध्याकाळी कबरस्थानात त्यांनी सांगितलं, की शमुवेलराव आमच्या मंडळीचे शेवटपर्यंत विश्वासू सभासद होते, प्रभूच्या मेजाशी एकनिष्ठ होते. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही. माझा भाऊ कित्येक वर्षं त्या मेजाशी गेला नव्हता, आणि का गेला नव्हता हे आमेन म्हणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला मान्य आहे, पण म्हणून त्याच्या कबरीवर उभं राहून खोटं बोलायचं? महिना उलटला तरी तो आमेन माझ्या कानातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

शमुवेल माझा थोरला भाऊ. मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. लग्न त्याने केलं नाही, आणि कुणी विचारलंच तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, ही एकच बाई सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले. मी विधवा होऊन लेकीला घेऊन परत आले तेव्हा त्याने आपली खाट व्हरांड्यात काढली होती. फटकळ, हट्टी, आणि शिस्तीचा भारी भोक्ता. मंडळीच्या पंचांपैकी तो एक. उपासनेला उशिरा येणाऱ्याकडे असा बघायचा की माणूस दारातच विरघळावा. महिन्यातून एका रविवारी आमच्यात प्रभुभोजन होतं, त्यालाच आम्ही प्रभूचं मेज म्हणतो. भाकरीचा तुकडा घ्यायचा आणि एकाच प्याल्यातून सगळ्यांनी द्राक्षारसाचा घोट घ्यायचा. आपण एकाच शरीराचे अवयव आहोत असं पाळक त्या वेळी म्हणतात. तो चांदीचा प्याला आदल्या दिवशी खडूच्या पुडीने घासणं आणि रविवारी रांगेतून फिरवणं हे दादाचं काम. प्याला लखलखला की दादाचा धर्म पूर्ण झाला, असं मी त्याला चिडवायची. तो रागवायचा नाही, कारण त्यालाही तसंच वाटायचं.

संपत मंडळीत आला तो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी कुष्ठरोगाच्या गोळ्या घेण्यासाठी तो वर्षानुवर्षं दादाच्या खिडकीशी येई. डॉक्टरांनी तू बरा झालास, आता कुणाला काही होणार नाही असं सांगितलं, तोवर हाताची बोटं वाकून आखडली होती. कामठी रोडवरच्या एका लाकडाच्या वखारीत तो राखणदारी करायचा. दादानेच त्याला देवळाची वाट दाखवली आणि त्याने बाप्तिस्मा घेतला. पहिल्या प्रभुभोजनाला त्याला रांगेत अगदी शेवटी बसवलं होतं. दादाने प्याला त्याच्या ओठांशी धरला, त्याने घोट घेतला, आणि मग रिवाजाप्रमाणे पंच म्हणून सर्वांत शेवटी दादा स्वतः त्यातूनच प्यायला. पुढच्या वेळी तीन-चार घरची माणसं गुडघे दुखतात म्हणून जागेवरून उठली नाहीत. आमच्याकडे गुडघे एकदम दुखायला लागतात.

पंचांची बैठक बसली. संपतबद्दल कुणी वाईट शब्द काढला नाही, हे सांगितलं पाहिजे. घरात लेकरंबाळं आहेत, दिवस साथीचे आहेत, असंच सगळं. शेवटी कुणीतरी तोड काढली, की बोटभर काचेचे पेले मागवावेत आणि प्रत्येकाला वेगळा द्यावा. सगळ्यांनाच वेगळा म्हणजे कुणालाच वेगळा नाही! दादालाही ते पटलं. घरी येऊन मोठ्या खुशीत सांगत होता, की बघ, कुणाचा अपमान नाही आणि कुणाची तक्रार नाही. मुंबईहून पेले आले, तबक आलं, पाळकसाहेबांनी त्यांच्यासाठी उपकारस्तुतीची प्रार्थनाही केली. एवढ्या शहाण्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही, की हा एवढासा पेला संपत उचलणार कसा...

तबक त्याच्यापुढे आलं. वाकलेल्या बोटांनी त्याने धरायचा प्रयत्न केला, पेला निसटला, फुटला, आणि पांढऱ्या कापडावर लाल डाग पसरला. शेजारच्या बाईंनी पदर सावरून घेतला. पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना म्हणत राहिले. संपत खाली वाकून काचा वेचत होता, आणि आम्ही गायन म्हणत होतो. उपासना झाल्यावर उरलेले पेले मागच्या खोलीत सोडा घालून उकळले, ते दादाने आपल्या डोळ्यांनी पाहिलं. मी त्याचा चेहरा तेव्हा पाहिला, आणि तसा परत कधी पाहू नये असं मला वाटलं.

पुढच्या वेळी मी तुझ्या तोंडाशी पेला धरतो, असं दादा संपतला सांगून आला. संपत म्हणाला, मी काही लेकरू नाही, आणि परत देवळात आला नाही. दादाने पंचांना विनवलं, की तो जुना प्याला परत काढा. झालेला निर्णय एका माणसासाठी कितीदा फिरवायचा, असं उत्तर मिळालं. त्या दिवशी तो घरी येऊन खाटेवर बसला आणि म्हणाला, "रुथ, आपण गाणं म्हनत म्हनत एक मेंढरू सोडून देल्लं वं. अन् मले वाटून राहिलं होतं का आपण देवाचं काम करून राहिलो."

त्यानंतर त्याने पंचपद सोडलं. संपतसोबत बोलावाल तेव्हाच मेजाशी येईन, एवढंच त्याने मंडळीला कळवलं. मला वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी समजूत काढायला येईल. कुणीही आलं नाही. लोकांनी त्याला हट्टी ठरवलं, आणि हट्टी म्हटलं की पुढे विचार करावा लागत नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी तो आंघोळ करून पांढरा सदरा घालायचा आणि दाराशी खुर्ची टाकून देवळाची घंटा थांबेपर्यंत बसायचा. मग भाकरी बांधून सायकलने संपतकडे जायचा. लोकांना वाटतं तशी त्याला त्यात काही मोठी शांती मिळाली नाही. त्याला मेज हवं होतं, मंडळी हवी होती. प्रार्थना करता करता मध्येच थांबायचा. कुष्ठ्याला हात लावणाऱ्या प्रभूची गोष्ट आम्ही रविवारच्या शाळेत पाठ केली होती, आणि बहुतेक ती पाठ झाली म्हणूनच वाया गेली, असं तो एकदा म्हणाला. त्याचा विश्वास जिवंत होता, म्हणून त्याला दुखायचं. आमचा दुखत नव्हता.

यंदा मार्चात त्याने अंथरूण धरलं. पाळकसाहेब छोट्या पेटीत तेच पेले घेऊन घरी आले. दादाला उठून बसवलं. पेल्याकडे बघताना त्याचे ओठ हलले, त्याला तो हवा होता हे मी शपथेवर सांगते. पण त्याने विचारलं, "पाळकसाहेब, संपतकडे गेल्ते का?" पाळकसाहेबांनी पेटीचं झाकण चाचपलं. वखार फार लांब पडते, म्हणाले. दादाने मान भिंतीकडे वळवली. ते गेल्यावर मी त्याला बोलले, की घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं? तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "मले वाटत होतं, निदान मराच्या आधी तरी कोणी येईन."

गेल्या रविवारी मी भाकरी बांधून वखारीत गेले. संपत आता फार थकला आहे. दादाच्या दफनाला तो आला होता, पण फाटकाबाहेरच थांबला होता, हे तेव्हा कळलं. त्याने माझ्यासाठी घोंगडं अंथरलं आणि फळीवरून एक पितळी गिलास काढून पुढे ठेवला. "बाई, हा तुमचा. घासून अलग ठेवला हाये."

दादा कशातून पाणी पीत होता, ते मी विचारलं. त्याने आपल्या तांब्याकडे मान केली. मी तो तांब्या दोन्ही हातांनी उचलून त्यातूनच पाणी प्यायले. मला वाटलं, त्याला बरं वाटेल. तो बघत राहिला, जराही हसला नाही. म्हणाला, "दादाही पेत होते, बाई. पन देवळातून दुसरं कोणी आलं नाही."

भाकरी आम्ही दोघांनी खाल्ली. मी निघाले तेव्हा त्याने तो न वापरलेला गिलास पुन्हा राखेने घासला, मनगटांत धरून धुतला, आणि पुढे कोणी आलंच तर असावा म्हणून फळीवर पालथा घालून ठेवला.