खोबण पडलेला पाट

फोन सकाळी आठला आला. "काकू, बाबा गेले," पुतण्या म्हणाला. मी खुर्चीत बसून राहिले. तव्यावरची पोळी करपून धूर घरभर झाला तेव्हा कुठे उठले आणि खिडकी उघडली. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, डोंबिवलीला मुलाकडे असायचे. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, तेव्हा अकाली गेले असं म्हणता यायचं नाही. पण ज्या माणसामुळे मला आजवर श्वास घेता आला, तो गेला हे कळल्यावर मला पहिल्यांदा धूरच दिसावा... आज महिना होऊन गेला, तरी ते मनातून जात नाही.

मी लग्न होऊन ठाण्याला आले ती भाड्याच्या दोन खोल्यांत. त्यातली आतली स्वयंपाकाची. तिला खिडकी नव्हती. स्टोव्ह होता, पण महिन्याचं रॉकेल आठवड्यात संपे, मग चूलच. चौथ्या वर्षी मला दम्याने धरलं. मुलगी दोन वर्षांची होती, ती कडेवर असताना मला दोन पावलं टाकवत नसत. डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बाहेर बोलावून सांगितलं की या धुरात राहिल्या तर दुसरा पावसाळा काढणार नाहीत. हळू बोलले होते, पण मी ऐकलं. माहेरी जायचं तर तिथेही चूलच होती, आणि दुसरी जागा घेण्याइतका ह्यांचा पगार नव्हता.

उपाय साधा होता. चुलीवर पत्र्याचं धुराडं बसवायचं आणि मागच्या भिंतीला भोक पाडून ते परसात काढायचं. पण भिंत होती दीड हात जाड, जुन्या विटांची, चुन्यात बांधलेली, आणि छपराची तुळई तिच्यावरच टेकलेली. त्याच सलग भिंतीला लागून शेजारच्या खोलीत मालकांच्या आई खुब्याचं हाड मोडून पडलेल्या. कुठे भांडं पडलं तरी त्या कळवळत. मालक वाईट नव्हते. ते म्हणाले, "भोक पाडा, पण हातोडा चालणार नाही. भिंतीला भेग गेली तर जागा सोडावी लागेल." दोन गवंडी येऊन बघून हसून गेले. हातोड्याशिवाय भिंत फोडायची म्हणजे काय करायचं, त्यांनाही प्रश्नच.

भाऊजी तेव्हा कोलशेतच्या एका कारखान्यात फिटर होते आणि आमच्याकडेच राहायचे. ते भिंतीपाशी गेले, बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक केली आणि कान लावून उभे राहिले, बराच वेळ. मला वाटलं, बिचारे माझ्या समाधानासाठी करताहेत. दुसऱ्या दिवशी ते भंगारातली चार इंच रुंदीची पोलादी नळी घेऊन आले. तिच्या एका तोंडाला तिकोनी कानशीने दात पाडले, माझ्याच चुलीत ते लाल केले आणि टणक व्हावेत म्हणून तेलात बुडवले. दुसऱ्या तोंडाला लाकडी गुडदी, म्हणजे बूच, ठोकून तिच्यातून एक सळई काढली. मग त्यांनी स्वतःच्या सायकलचे पायडल, दांड्यांसकट, काढले आणि त्या सळईवर बसवले. हे म्हणाले, "अरे, मग कामावर जाणार कसा?" भाऊजी म्हणाले, "पाय आहेत की." त्यांची दुसरी पाळी असे. सकाळभर भिंत आणि दुपारी कोलशेतपर्यंत पायी, असं ते दहा-बारा दिवस चाललं.

एकच अडचण राहिली होती. दोन्ही हात पायडल फिरवण्यात गुंतलेले, मग नळी भिंतीत रेटायची कशाने? भाऊजींनी स्वयंपाकघरात नजर फिरवली आणि मला म्हणाले, "वहिनी, तुमचा पाट द्या." माझा जेवायचा पाट, सागवानी, माहेरून आलेला. त्यांनी त्याच्या मधोमध खोबण पाडली, सळईचं बोथट टोक तिच्यात ठेवलं, दोन थेंब खोबरेल सोडलं आणि पाटाची दुसरी बाजू छातीला लावली. छातीने रेटायचं, हातांनी फिरवायचं. घर्र... घर्र... घर्र. विटेची लाल पूड खाली पडायला लागली. भिंत हलत नव्हती, आवाज म्हणावा असा नव्हता, आणि नळी मात्र आत चालली होती. वीतभर आत गेली की बाहेर काढायची, मधला विटेचा गड्डा हलकेच सुटा करायचा आणि पुन्हा सुरुवात.

पाचव्या दिवशी नळी अडकली. पुढे जाईना, मागे येईना. भाऊजी घामाने निथळत होते आणि मी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडलेला पाहिला. मी भीत भीत म्हटलं, "भाऊजी, जात्यात घास जास्त पडून ते अडलं की आम्ही जोर नाही लावत. थोडं उलटं फिरवतो, मोकळं होतं." दुसरा कुणी हसला असता. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, पायडल उलटे फिरवले, तांब्याने थोडं पाणी सोडलं... आणि नळी सुटली. मग कपाळावर हात मारून घेतला. "सुताराच्या करवतीचे दात एक इकडे, एक तिकडे वाकवलेले असतात, म्हणून ती अडकत नाही. मी सगळे सरळ ठेवले. फिटर कसला मी!" त्या दिवशी त्यांनी दात पुन्हा तापवून वाकवले आणि त्या हत्याराचं नाव ठेवलं वहिनींचं जातं.

भोक आरपार झालं त्या सकाळी आधी परसातल्या उजेडाची एक चकती माझ्या चुलीवर पडली. भाऊजी बाजूला झाले आणि म्हणाले, "बघा वहिनी." मी हात घालून पाहिला. आतून गुळगुळीत, बांगडीसारखं गोल. भिंतीला केसाएवढी भेग नव्हती. मालक दोनदा दिवा घेऊन आले आणि बघून गेले. मी त्यांच्या आईंपाशी गेले, त्रास झाला का विचारायला. त्या म्हणाल्या, "कसला त्रास? दहा दिवस कोण दळतंय गं? माझी सासू दळायची तसं. बरं वाटायचं, झोप लागायची."

पुढे भाऊजींना ठाण्या-कल्याणहून बोलावणी येत. दवाखान्याची मोरी, देवळातल्या अभिषेकाच्या पाण्याची वाट. प्रत्येक भिंतीसाठी ते वेगळं हत्यार बनवत, आणि आधी अर्धा तास भिंत ऐकत. दगडाच्या भिंतीला ते जातं चालत नसे. तिथे फुलीच्या तोंडाची पहार, एक ठोका आणि एक वळसा. मी मोठमोठे इंजिनियर पाहिले पुढे, माझा जावईच आहे. पण भिंतीशी इतक्या अदबीने वागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आमचे हे स्वतः जाण्याच्या थोडं आधी सहज बोलून गेले, "तेव्हा त्याची छाती काळीनिळी झाली होती गं. आंघोळीच्या वेळी मी पाहिली. वहिनींना सांगू नकोस म्हणाला, नाहीतर थांबवतील." मी भाऊजींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दादाला काहीही आठवतं," आणि विषय बदलला.

तो पाट अजून माझ्याकडे आहे. खोबण दिसायला नको म्हणून ती बाजू खाली करून मी इतकी वर्षं त्यावर बसून जेवले, गुडघे होते तोवर. म्हणजे ज्या बाजूला त्यांची छाती होती, तिच्यावर मी बसत होते... परवा त्यांचं मासिक झालं. मी पाट घासूनपुसून घेतला, खोबणीची बाजू वर करून मांडला आणि त्यावर त्यांच्यासाठी पिठलं-भाकरीचं ताट ठेवलं. दुसरा पावसाळा काढणार नाही म्हणाले होते डॉक्टर. पाटासमोर उभं राहून मी एक लांब श्वास घेतला. पूर्ण आला.