सोनेरी कड गेलेली बशी

मैत्रिणींनो, यांना जाऊन दोन वर्षं झाली. घरात मी एकटीच, म्हणून सासूबाईंच्या वेळचा चिनी मातीचा कपबशांचा सेट आज अंबडला जुन्या वस्तू घेणाऱ्याकडे नेला.

त्यानं कप उजेडाला धरला, तळाचा शिक्का पाहिला.

"माल बराबर हाय, मावशी. पण या एका बशीची सोनेरी कड पार गेली. हिच्यामुळं भाव पडतो. कोण पीत होतं हिच्यातून?"

"आमचे हे."

"बाकीच्या पाच तर कोऱ्याच हायत."

त्या पाहुण्यांसाठी जपल्या होत्या. बशीतून चहा प्यायले की मी यांना रोज बोलायचे, कड जाईल म्हणून. मग ते माझ्याकडे पाठ करून प्यायचे.

पाच जोड विकले, सहावा परत आणला. एकदा तरी त्यांना समोर बसून निवांत पिऊ द्यायला हवं होतं. तुमच्याही घरात कुणी असं पाठ करून बसतं का?